एकमेव म्हणजे नक्की किती? टेडी, पोथी आणि गोधडीची गोष्ट

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी मजकूर जसाच्या तसा.)

आजच्या भागात राजा नाही, लढाई नाही, तह नाही. आज आपल्यासमोर बसलंय एक अस्वल. कापडाचं, हाताने शिवलेलं, काळ्या मण्यांच्या डोळ्यांचं. म्हणजे आपला टेडी.

एक उदाहरण डोळ्यासमोर आणा. समजा, रिसोडमध्ये राहणारी एक मुलगी आहे. घरी शिलाई मशीन आहे, हातात कला आहे, मोबाइलवर छोटंसं दुकान आहे. ती जुन्या साड्यांच्या कापडातून टेडी शिवते, फोटो टाकते आणि खाली लिहिते, "हातानं बनवलेला. एकमेव. असा दुसरा मिळणार नाही." किंमत बाजारातल्या टेडीच्या चौपट. एक ताई तो घेतात, खूश होतात. आणि दोन आठवड्यांनी त्यांना त्याच पानावर दुसरा टेडी दिसतो. तोच आकार, तेच गोल कान, तेच हसू. फक्त साडी हिरवीऐवजी जांभळी. त्यावरही लिहिलंय, "एकमेव."

आता सांगा, मुलगी खोटं बोलली का?

पटकन "हो" म्हणू नका, आणि पटकन "नाही" पण म्हणू नका. कारण हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जुना आहे. आणि त्याचं एक चांगलं उत्तर आपल्या वाशीम जिल्ह्यातच, कारंज्याच्या जुन्या पोथ्यांमध्ये सापडतं. पण आधी अस्वलाकडे जाऊ.

एक अस्वल, पाच वर्षं आणि पावणेदहा लाख

टेडीचा जन्म कसा झाला हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. नोव्हेंबर १९०२. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते. सोबतच्या लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधलं आणि म्हणाले, साहेब, मारा. साहेब म्हणाले, बांधलेल्या जनावराला मारणं ही काही शिकार नाही. १६ नोव्हेंबरला क्लिफर्ड बेरीमन या व्यंगचित्रकारानं त्यावर 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये चित्र काढलं आणि ते देशभर गाजलं.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मॉरिस मिक्टम यांचं छोटं दुकान होतं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी रोझ यांनी एक कापडी अस्वल शिवून दुकानाच्या काचेत ठेवलं आणि नाव दिलं 'टेडीचं अस्वल'. टेडी हे थिओडोरचं लाडकं रूप. त्या घडीला ते अस्वल खरंच जगात एकच होतं. पण किती दिवस? लोक मागायला लागले, मिक्टम दांपत्य शिवत गेलं आणि काही वर्षांत त्यांची खेळण्यांची मोठी कंपनी उभी राहिली.

त्याच सुमारास, या सगळ्याचा पत्ता नसताना, जर्मनीतल्या गिंगेन गावात मार्गारेट स्टाइफ यांच्या कारखान्यात त्यांचे पुतणे रिचर्ड यांनी हातपाय हलवता येतील असं अस्वल बनवलं. मार्गारेट यांना लहानपणी पोलिओ झाला होता, त्या चाकांच्या खुर्चीत असायच्या, आणि त्यांचा धंदा सुरू झाला होता १८८० मध्ये, टाचण्या खोचायच्या एका छोट्या कापडी हत्तीपासून. हे अस्वल १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत गेलं आणि एका अमेरिकन व्यापाऱ्यानं ३,००० अस्वलांची ऑर्डर दिली. १९०७ मध्ये या एका कारखान्यातून वर्षभरात ९ लाख ७४ हजार अस्वलं बाहेर पडली.

आता गंमत बघा. ही पावणेदहा लाख अस्वलं काही बटन दाबून निघाली नव्हती. कापड कापणं, भुसा भरणं, नाकाचे टाके घालणं, यातलं कितीतरी काम बायांच्या हातचं होतं. म्हणजे प्रत्येक अस्वल हातातून गेलेलं. प्रत्येकाचा चेहरा बारीकसा वेगळा. तरी त्यांना कोणी 'एकमेव' म्हटलं नाही.

म्हणजे पहिली गोष्ट इथेच निकालात निघाली. हातानं बनवलेलं आणि एकमेव, हे दोन वेगळे शब्द आहेत. आपण ऑनलाइन दुकानात ते एकाच दमात वाचतो म्हणून एकच वाटतात.

कारंज्याच्या पोथ्या काय सांगतात

आता येऊ आपल्या जिल्ह्यात. कारंजा लाड. बहुतेकांना हे गाव नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून माहीत आहे. पण अभ्यासकांच्या जगात कारंजा आणखी एका गोष्टीसाठी ओळखलं जातं, ते म्हणजे इथल्या जैन मंदिरांमधले हस्तलिखितांचे भांडार. शेकडो वर्षं जपलेल्या पोथ्या, संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश भाषेतल्या.

१९२० च्या दशकात या पोथ्यांच्या याद्या झाल्या, आणि मग कारंज्याहून एक ग्रंथमाला निघाली. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत या महाकवीचं 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित केलं, ते १९३१ मध्ये या मालेत आलं. पुढे हीरालाल जैन यांनी 'णायकुमारचरिउ' संपादित केलं. अपभ्रंश ही आपल्या मराठीची आधीची पायरी मानली जाते, त्यामुळे या कामाचं मोल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, यात टेडी कुठे आला? थांबा, आला.

छापखाना नव्हता तेव्हा एक ग्रंथ दुसऱ्या गावी पोचवायचा तर कोणीतरी बसून तो पूर्ण हातानं उतरवून काढायचा. म्हणजे प्रत्येक पोथी हातची. अक्षराचं वळण वेगळं, कागद वेगळा, शाई वेगळी, चुकाही वेगळ्या. शेवटी लेखनिक एक छोटी नोंद करायचा, तिला पुष्पिका म्हणतात. कधी लिहिलं, कुठे लिहिलं, कोणासाठी लिहिलं. आणि अनेक पोथ्यांच्या शेवटी एक ठरावीक विनवणी असते, तिचा अर्थ असा की समोर जसं होतं तसं मी उतरवलं, चूक असली तर दोष मला देऊ नका.

विचार करा, तो माणूस महिनोन्महिने मान मोडून लिहितोय, प्रत्येक अक्षर त्याच्या हातचं आहे, पण तो म्हणत नाही की हे माझं एकमेव काव्य आहे. तो म्हणतो, ही प्रत आहे. मूळ दुसऱ्याचं.

संपादक मंडळी जेव्हा एकाच ग्रंथाच्या चार पोथ्या समोर घेऊन बसतात, तेव्हा त्यांच्याकडे यासाठी अगदी सोपे दोन शब्द असतात. एक *कृती* आणि दुसरा *प्रत*. पुष्पदंतानं रचलं ती कृती, एक. कारंज्यात, आणखी कुठे, आणखी कुठे सापडल्या त्या प्रती, अनेक. प्रत्येक प्रतीला वेगळं चिन्ह देतात, क, ख, ग, कारण प्रत्येक प्रत स्वतंत्र साक्षीदार आहे. 'क'मधली एखादी ओळ 'ख'मध्ये नसते. कुठलीच प्रत दुसरीची झेरॉक्स नसते. पण म्हणून चार प्रतींची चार काव्यं होत नाहीत.

आणि कधीकधी एखाद्या ग्रंथाची जगात एकच प्रत उरलेली असते. तेव्हा अभ्यासक दबक्या आवाजात म्हणतात, "एकमेव प्रत आहे." तिथे त्या शब्दाला वजन असतं. ती वाळवीनं खाल्ली, तर ते काव्यच गेलं.

आता हेच दोन शब्द टेडीला लावा. तुमच्याकडे कागदाचा एक फर्मा आहे, ज्यावरून तुम्ही कापड कापता. कानाचा आकार, पोटाचा घेर, नाकाची जागा, ही झाली कृती. त्या फर्म्यावरून शिवलेलं प्रत्येक अस्वल म्हणजे प्रत. हिरव्या साडीची प्रत, जांभळ्या साडीची प्रत. हातची आहे, सुंदर आहे, दुसरीसारखी तंतोतंत नाही. पण कृती म्हणून ती एकमेव नाही.

म्हणजे रिसोडच्या त्या मुलीनं पूर्ण खोटं नाही सांगितलं. तिनं अर्धं सांगितलं. कापड एकमेव होतं, अस्वल नव्हतं.

भुलाबाईचा चेहरा

हातानं बनलेल्या पण एकमेव असण्याचा दावा न करणाऱ्या वस्तू तर आपल्या घरात वर्षानुवर्षं येतायत. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात भुलाबाई बसते. भुलाबाई आणि भुलोजी, मातीच्या दोन मूर्ती, म्हणजे पार्वती आणि शंकर. ज्वारीच्या धांड्यांचा मखर, संध्याकाळी मुलींची गाणी, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची.

बाजारात कुंभारदादांसमोर भुलाबाईच्या रांगा मांडलेल्या असतात. लांबून सगळ्या सारख्या. जवळ गेलात की कोणाचे डोळे थोडे मोठे, कोणाच्या साडीचा काठ जाड. आई दहा मूर्ती हातात घेऊन बघते आणि म्हणते, "हिचा चेहरा प्रसन्न आहे, हीच घेऊ." पोळ्याला पूजेसाठी मातीचे बैल घेतानाही तेच. दोन्ही बैल एकाच हाताचे, तरी जोडी जुळवून घ्यायची असते.

इथे कुंभार "असा दुसरा मिळणार नाही" म्हणत नाही. उलट पुढच्या वर्षी तशीच भुलाबाई मिळणार, याचाच भरवसा हवा असतो. परंपरेचं मोल परत येण्यात आहे. एकदाच होऊन संपली तर तिला परंपरा कोण म्हणेल? त्यामुळे "एकमेव नाही" म्हणजे "हलकं आहे" असं समजू नका. ते फक्त वेगळ्या जातीचं मोल आहे.

ज्या मुलखात कापूस एकसारखा झाला

एकमेवच्या नेमकं उलट टोक कुठलं? ज्याच्या जागी दुसरं ठेवलं तरी कोणाला कळत नाही, ते. आणि या टोकाची गोष्टही आपल्याच वऱ्हाडाची आहे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. तेव्हाचा बासीम म्हणजे आपला वाशीम, १९०५ पर्यंत वेगळा जिल्हा होता, मग अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे डोळे लावले. खास कापसासाठी आयुक्त नेमला गेला. रेल्वे आली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ नॅरोगेज आली, आपली शकुंतला, तीही मुख्यतः कापसासाठीच.

लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला एक नाव होतं, 'उमरा'. हे उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून पडलं. शेत कुठल्या गावचं, वेचणाऱ्या कोण, जमीन काळी की भरड, हे सगळं त्या एका नावात विरघळून गेलं. व्यापाऱ्याला हवंच होतं तसं. एक गाठ काढून दुसरी ठेवली तर फरक पडू नये, तरच न बघता दूर बसून सौदा करता येतो.

पण गोष्ट इथे थांबत नाही. तो कापूस जहाजातून गेला, तिकडे त्याचं कापड झालं आणि त्यातलं बरंचसं कापड परत इथल्याच बाजारात आलं. बायांनी त्याची लुगडी नेसली. लुगडं विरलं की आजीनं त्याचे थर लावले, वर धाव-दोऱ्याचे टाके घातले आणि गोधडी केली. उरलेल्या चिंध्यांची नातीला बाहुली केली, पोटात कापूस, डोळ्यांना काजळ किंवा काळा दोरा.

बघा ना, जो कापूस जगाच्या बाजारात सगळ्यात जास्त अदलाबदलीचा माल होता, तोच आजीच्या हातात आल्यावर अदलाबदल न होणारी वस्तू झाला. का? टाके फार कलात्मक होते म्हणून नाही. ते लुगडं एकच होतं, आणि ते संपलं होतं म्हणून. आजीनं ठरवलं असतं तरी तीच गोधडी पुन्हा करता आली नसती.

मला वाटतं, एकमेव या शब्दाची खरी कसोटी इथे आहे. *बनवणाऱ्याला हवं असलं तरी दुसरं करता येईल का?*

आकड्यांनी ठरवायचा प्रयत्न

बाजाराला आणि कायद्याला मात्र अशी कसोटी पुरत नाही. त्यांना आकडा लागतो.

१९८० मध्ये स्टाइफ कंपनीनं शंभरी साजरी करताना जुन्या नमुन्यावर बेतलेली ११,००० अस्वलं काढली, प्रत्येकासोबत क्रमांकाचं प्रमाणपत्र. त्यानंतर 'मर्यादित आवृत्ती' हा प्रकार टेडीच्या दुनियेत जोरात चालला. साधारण त्याच काळात अमेरिकेत घरी बसून अस्वलं शिवणाऱ्या कलाकारांची चळवळ उभी राहिली, आणि त्यांच्यात तीन कप्पे रूढ झाले. मागणी असेल तितकी काढायची ती खुली आवृत्ती. आधी आकडा जाहीर करून थांबायचं ती मर्यादित आवृत्ती. आणि फर्माच पुन्हा वापरायचा नाही ते एकमेव. लक्षात घ्या, इथे एकमेव म्हणजे कापडाबद्दलचा दावा नाही, ते बनवणाऱ्यानं दिलेलं वचन आहे. भविष्याबद्दलचं वचन.

कायद्यांचे आकडे तर अजून मजेशीर. फ्रान्सच्या करकायद्यात कलाकाराच्या देखरेखीखाली ओतलेल्या शिल्पाच्या ८ प्रतींपर्यंत प्रत्येक प्रत 'मूळ कलाकृती' धरतात. म्हणजे तिथे मूळ आठसुद्धा असू शकतात! आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये वेगळा आकडा आहे, ५०. ज्या रचनेची डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकते पण केलेली नाही, तिच्या वस्तू मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं औद्योगिक पद्धतीनं ५० पेक्षा जास्त वेळा काढल्या, की त्या रचनेवरचा कॉपीराइट संपतो. कायदा दोन गोष्टी विचारतो. किती काढल्या, आणि कशा काढल्या. थोडक्यात, एका टप्प्यानंतर कायदा म्हणतो की ही आता कलाकृती राहिली नाही, हा माल झाला.

मग जीआय टॅग? चन्नपट्टणची लाकडी खेळणी, आपली पैठणी, यांना भौगोलिक मानांकन आहे. त्यानं "ही वस्तू इथली आहे" एवढं सिद्ध होतं. ते मानांकन एका माणसाचं नसतं, त्या भागातल्या सगळ्या कारागिरांचं असतं. त्यामुळे जीआय म्हणजे एकमेव, हा गैरसमज डोक्यातून काढा.

घरून खेळणी विकणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट पण सांगतो. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि जीआय वस्तूंना त्यातून सूट मिळाली. म्हणजे सरकारदरबारी "मी हातानं करते" हे तोंडी सांगणं पुरत नाही, नोंदणी बघतात. लहान मुलाच्या हातात जाणाऱ्या टेडीचे डोळे निघून येत नाहीत ना, हा प्रश्न तो एकमेव आहे की नाही याच्याही आधीचा आहे.

कारखान्यातलं अस्वल एकमेव कसं झालं

इतका वेळ आपण बनवणाऱ्याच्या बाजूनं बोललो. आता उलटी बाजू.

५ डिसेंबर १९९४. लंडनमध्ये ख्रिस्टीज या लिलावघरात एक जुनं अस्वल विक्रीला आलं. १९०४ च्या सुमाराचं, स्टाइफच्या कारखान्यातलं. नाव 'टेडी गर्ल'. ते बॉब हेंडरसन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं होतं. लहानपणापासून त्यांच्याजवळ. सांगतात की दुसऱ्या महायुद्धातही ते त्यांच्यासोबत होतं. पुढे ते टेडी जमवणाऱ्यांच्या चळवळीतले मोठे नाव झाले आणि त्यांच्या मृत्यूनंतर हे अस्वल लिलावात आलं. बोली थांबली १ लाख १० हजार पौंडांवर. जपानमधल्या एका टेडी संग्रहालयासाठी ते घेतलं गेलं.

त्याच फर्म्यावरची कितीतरी भावंडं होती त्याला. बनलं तेव्हा ते हजारांतलं एक होतं. नव्वद वर्षांनी ते एकच होतं. फरक काय पडला? एका माणसाचं अख्खं आयुष्य त्याच्या अंगावर चढलं.

म्हणजे एकमेव होण्याच्या दोन वाटा आहेत. एक जन्मानं, दुसरी जगण्यानं. पहिली बनवणाऱ्याच्या हातात असते. दुसरी नसते, ती विकत घेणाऱ्याकडे, खेळणाऱ्या लेकराकडे, आणि वेळेकडे असते. त्यामुळे नव्या टेडीवर "हा तुमचा खास सोबती" असं कितीही लिहा, ती दुसरी वाट दुकानात विकता येत नाही.

आणि आता जरा अवघड जागा

वाशीम जिल्ह्यातच मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा समाजाची काशी, संत सेवालाल महाराजांचं स्थान. ५ ऑक्टोबर २०२४ ला इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं.

बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारा हा समाज. रेल्वे आली, रस्ते आले, तो व्यवसाय मोडला आणि तांडे एका जागी स्थिरावले. त्या फिरतीच्या आयुष्यात बायांनी अंगावरच्या कापडात सगळं साठवलं. फेटिया, कांचळी, त्यावर आरसे, कवड्या, नाणी, रंगीत तुकडे. एक पोशाख वर्षानुवर्षं भरला जायचा. अनेकदा आईनं सुरू केलेलं लेकीनं पूर्ण केलं.

अशा जुन्या कापडाला आज बाजारात मागणी आहे. त्याचे तुकडे कापून पर्स होतात, उशांचे अभ्रे होतात, आणि हो, खेळणी आणि बाहुल्याही होतात. त्यावर काय लिहितात? "एकमेव." आणि आपल्या कसोटीवर ते खरंही उतरतं! तो तुकडा पुन्हा मिळणार नाही, तसं दुसरं अस्वल होणार नाही.

पण एक हिशोब राहिला. ते अस्वल एकमेव व्हावं म्हणून जे कापलं गेलं, ते त्याच्या आधीपासून एकमेव होतं. पोथीची पानं फाडून त्याचे सुंदर बुकमार्क केले तर प्रत्येक बुकमार्क एकमेव असेल. पण आपण त्याला काय म्हणू?

म्हणून इथे माझं मत स्पष्ट आहे. फाटलेलं, विरलेलं, घरच्यांनी प्रेमानं दिलेलं कापड असेल तर त्याचं अस्वल करा, ती गोधडीचीच परंपरा आहे. आजोबांच्या सदऱ्याचं अस्वल करून नातवाला देणं, यापेक्षा छान काय? पण धड असलेला जुना भरतकामाचा पोशाख असेल, तर कात्री लावण्याआधी तो कोणी केला, किती जुना आहे हे विचारा. नव्या कापडावर त्याच टाक्यांचं काम तांड्यातल्या बायांकडून करून घ्या, त्यांचे पैसे नीट द्या, आणि त्यावर "बंजारा भरतकाम, हातचं" असं लिहा. एकमेव नसेल. पण खरं असेल, आणि ते टाके पुढच्या हातात जातील.

मग चिठ्ठीवर काय लिहायचं?

चला, रिसोडच्या त्या मुलीकडे परत. तिनं काय करावं?

मी म्हणेन, तिनं कारंज्याच्या लेखनिकाकडून शिकावं. पुष्पिका लिहावी. टेडीच्या पाठीला एक छोटी चिठ्ठी, आणि तिच्यावर फक्त जे खरं आहे तेवढंच. फर्मा माझा आहे की कुठून घेतलेला. या फर्म्यावर हे कितवं अस्वल. कापड कशाचं, आणि ते उरलंय की संपलं. भरतकाम कोणाच्या हातचं.

मग ती बिनधास्त लिहू शकते, "फर्मा तोच, साडी एकच. या साडीचं दुसरं अस्वल होणार नाही." वाचायला थोडं लांब आहे, कबूल. पण त्या ताईंनी दोन आठवड्यांनी जांभळा टेडी बघितला तर त्यांना फसल्यासारखं वाटणार नाही. उलट वाटेल, अरे, माझ्या टेडीचं भावंड आलं!

आणि ज्या दिवशी ती नवा फर्मा काढेल, एकच अस्वल शिवेल आणि मग तो फर्मा बाजूला ठेवून देईल, त्या दिवशी तिनं 'एकमेव' हा शब्द वापरावा. मोठ्या अक्षरात. त्याची चौपट नाही, आठपट किंमत लावावी. कारण तेव्हा ती अस्वलासोबत स्वतःचा एक शब्दही विकत असते, आणि तो शब्द नंतर मोडता येत नाही. मागणी कितीही आली तरी.

विकत घेणाऱ्यांसाठीही एकच सल्ला. "एकमेव आहे का?" असं विचारू नका. विचारा, "यात एकमेव काय आहे?" ज्याच्याकडे खरं उत्तर आहे, त्याला हा प्रश्न आवडतो.

तर मंडळी, तुमच्या घरात अशी एखादी गोधडी, बाहुली, भरतकामाचा तुकडा असेल, तर आज एक काम करा. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, हे कोणी केलं, कशाचं केलं, कधी केलं. उत्तर एका कागदावर लिहा आणि त्या वस्तूसोबत ठेवून द्या. वस्तू टिकते, पण तिची गोष्ट सांगणारी माणसं कायम नसतात. तुमची पुष्पिका नसेल तर पन्नास वर्षांनी ती फक्त एक जुनी चिंधी असेल.

भाग आवडला असेल तर घरच्या ग्रुपवर पाठवा, विशेषतः त्या एका मावशीला, जी आजही गोधडी शिवते. भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, विचारत राहा!